खरे बोललात, पण कोणाचे?

खानापूर तालुक्यातील एका गावातून आलेल्या पत्राचा हा गोषवारा आहे. पत्रलेखक चाळिशी ओलांडलेले गृहस्थ असून ते बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. वडील गेल्यापासून आई त्यांच्याकडेच असते, तर थोरले भाऊ पुण्यात स्थायिक झाले आहेत. भावाच्या मुलाला पुण्यातील संगणक कंपनीत नोकरी लागली तेव्हा आजीने गल्लीभर कुंदा वाटला होता. गेल्या वर्षी ती नोकरी सुटली आणि मुलगा घरोघरी पार्सले पोचवू लागला, परंतु ‘आईला रक्तदाब आहे’ असे सांगून भावाने ही गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवली. यंदा गावच्या लक्ष्मी यात्रेला पै-पाहुणे जमले असताना भाऊ पंगतीत मुलाच्या कंपनीचे कौतुक सांगू लागले. तेव्हा पत्रलेखकांनी सर्वांसमक्ष ‘मोठ्या साहेबांचा मुलगा हल्ली दारोदार पार्सले टाकत फिरतो’ असे सांगून टाकले. त्यावर आई एवढेच म्हणाली, “हे आज कशाला सांगितलास रे?” भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेले, पुतण्या फोन उचलत नाही, आई कामापुरतेच बोलते आणि पत्नी म्हणते की तुमचे बरोबर होते, पण करायला नको होते. पत्रलेखक विचारतात की खरे बोलण्यात आपली चूक काय, खोटे बोलणारे सुखात आणि आपण दुःखात असे का, आणि बरोबर असूनही आपण माफी मागावी काय.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राची चार पाने आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ तीन पाने तुम्ही किती खरे बोलणारे आहात हे सांगण्यात खर्च झाली आहेत. मालकाच्या तोंडावर कास्टिंगमधला दोष कसा दाखवून दिलात, सोसायटीच्या निवडणुकीत कोणाला काय सुनावलेत, सोयरिकीच्या बैठकीत नवऱ्या मुलाचे खरे वय कसे उघड केलेत, हे सगळे त्यात तपशीलवार आले आहे. आईविषयी अर्धे पान आहे. ज्याच्या आयुष्यात ही गोष्ट घडली त्या पुतण्याच्या वाट्याला मात्र दोन ओळी आल्या आहेत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे माणसाने काय लिहिले आहे याबरोबरच कशावर किती लिहिले आहे हे पाहण्याची मला खोड आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती लागतेच.

तुम्ही तुकोबांना साक्षीला बोलावले आहे: ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ साक्षीदार उत्तम निवडलात. मात्र तुकोबांनी ग्वाही म्हणून स्वतःच्या मनाला उभे केले होते आणि तुम्ही पंगतीला बसलेल्या पाहुण्यांना उभे केलेत. बहुमत मानत नाही असे म्हणणाऱ्या माणसाने निवाड्यासाठी माणसांनी भरलेले अंगण निवडावे, याचे मला थोडे हसू आले, ते तुम्ही रागाने घेऊ नये.

तुमच्या बाजूचे जे आहे ते आधी मान्य करते. भावाने केले ते चांगले केले नाही. आईच्या प्रकृतीचे कारण पुढे करणारी माणसे पुष्कळदा स्वतःची लाज झाकत असतात, आणि आई मात्र उगाच आजारी ठरते. शिवाय भाऊ केवळ गप्प राहिले नाहीत. पंगतीत बसून, कोणी विचारले नसताना, त्यांनी ते खोटे नव्याने सांगितले. ज्या आजीने नातवाच्या नोकरीचा आनंद गल्लीभर वाटला, तिला त्याच्या अडचणीत ‘बाळा, घरी ये, चार दिवस राहा’ असे म्हणण्याची संधीही त्यांनी दिली नाही. हा अन्याय लहान नाही, आणि त्याची चीड तुम्हाला आली यात काही गैर नाही.

परंतु आईच्या त्या एका वाक्यापाशी थोडे थांबू या. तुम्ही त्याचा अर्थ ‘आईलाही खोटेच हवे होते’ असा लावला आहे. मला तो पटत नाही. नातवाची नोकरी गेल्याचे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळले असते, तर तिच्या तोंडून पहिला प्रश्न ‘कधी गेली?’ किंवा ‘पोरगा जेवतो कुठे?’ असा आला असता. तिने यांपैकी काहीच विचारले नाही. तिने विचारले ते आजच का सांगितलेस हे. तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, दुसऱ्याच कशाच्या ओघात, तुम्ही लिहिले आहे की नातू दर दिवाळीला आजीला साडीसाठी पैसे पाठवत असे, गेल्या दिवाळीत ते आले नाहीत आणि आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव विचारणारी बाई, असेही तुम्हीच तिचे वर्णन केले आहे. अशी बाई साडीच्या पैशांबद्दल गप्प राहते तेव्हा तिला बहुधा सगळे कळलेले असते. माझा अंदाज असा, की तुमच्या घरात ही गोष्ट ठाऊक नसलेले कोणी नव्हतेच. ती ठाऊक असल्याचे कोणी कोणाला सांगत नव्हते, इतकेच.

माणसांचे हे असे चालते. सर्वांना माहीत असलेली आणि कोणीही न उच्चारलेली एखादी गोष्ट बहुतेक प्रत्येक घरात असते, आणि तिच्या अवतीभवती जेवणे, सण, पाहुणचार नीट पार पडत असतात. आपल्या सीमाभागातील माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. तो कचेरीत एका भाषेत अर्ज देतो, घरी येऊन त्याबद्दल दुसऱ्या भाषेत कुरकुरतो, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत लग्ने, बारशी आणि ऊसतोड खोळंबून ठेवत नाही. याला कोणी ढोंग म्हणेल. मी सहसा म्हणत नाही, कारण जिथे निवाडा व्हायचा असतो तिथेही माणसांना रोज एकमेकांची तोंडे पाहायची असतात.

खरे बोलण्याच्या व्रताबद्दल आणि थोरल्या भावाबद्दल एकाच वेळी बोलणारा एक प्रसंग महाभारताच्या कर्णपर्वात आहे, आणि तो तुमच्यासाठीच लिहिला असावा असे मला पत्र वाचताना वाटले. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परततो आणि कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर संतापाने अर्जुनाला म्हणतो, की तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते, म्हणून तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. या कौशिकाचे सत्यवचनाचे व्रत होते. लुटारूंच्या भयाने काही माणसे रानात लपली, मागून आलेल्या लुटारूंनी कौशिकाला विचारले, आणि त्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. पण गोष्टीचा खरा रंग पुढेच आहे. प्रतिज्ञाही मोडू नये आणि भाऊही मरू नये यासाठी कृष्ण तोड सुचवतो, की वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणून त्याचा उपमर्द कर, कारण त्याच्या दृष्टीने तो वधच होय. अर्जुन तसे करतो, मग पश्चात्तापाने स्वतःचा जीव द्यायला निघतो, आणि कृष्ण त्यालाही मार्ग सांगतो: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येसारखीच आहे.

पंगतीत ‘मोठे साहेब’ म्हणून तुम्ही भावाचे काय केलेत, ते यावरून समजून घ्या. पत्राच्या त्या तीन पानांबद्दल मी अधिक काही लिहीत नाही.

तुम्ही विचाराल की मग सत्याला काही किंमत आहे की नाही. आहे, आणि ती फार मोठी मानणारा तत्त्ववेत्ता तुमच्या मदतीला देण्यास मी तयार आहे. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७९७ मध्ये एक निबंध लिहून असा आग्रह धरला, की खुनी माणूस दारात येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये. कौशिकाच्या बाजूने इतक्या ठामपणे उभा राहिलेला दुसरा वकील मला ठाऊक नाही. परंतु हा वकील घेताना त्याची फीही द्यावी लागते. याच कांटने १७८५ मधील आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, पण ते धंद्याचे नाव टिकावे म्हणून. कांट म्हणतो की त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही. आता तुमचे वाक्य या तराजूत घालून पाहा. ते खरे होते यात शंका नाही, पण ते तुम्ही सत्यासाठी उच्चारलेत काय? सत्यासाठी उच्चारायचे असते तर त्याला वर्षभर मुहूर्त मिळाला असता. आईजवळ स्वयंपाकघरात ते सांगता आले असते, आणि भावाला फोनवर ‘दादा, हे लपवू नका’ असेही म्हणता आले असते. शिवाय पार्सले पोचवणे हे कष्टाचे आणि प्रामाणिक काम आहे, आणि तुम्ही ते शिवीसारखे वापरलेत. दिवसभर भट्टीच्या धगीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या कष्टाची अशी हेटाळणी करावी, हे मला संपूर्ण पत्रात सर्वांत जास्त लागले.

याच कांटला एकदा माझ्यासारखे काम करावे लागले होते, ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात फारसे सांगितले जात नाही. १७९१ मध्ये ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथील मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या तरुणीने त्याला पत्र लिहिले. भक्ताने देवाला हाक मारावी तशी मी तुम्हाला मारते आहे, अशा अर्थाची त्याची सुरुवात होती. तिने आपल्या प्रियकरापासून बराच काळ एक गोष्ट लपवली होती. अखेर ती सांगितली, आणि त्याचे प्रेम ओसरले. ती कांटचे ग्रंथ वाचून नीतीने वागू पाहणारी होती, आणि तिचा प्रश्न तुमच्याच जातीचा होता: खरे सांगितले, आता हे दुःख का?

पुढच्या वर्षी कांटने उत्तर दिले. त्यात त्याने एक फरक केला आहे, जो तुमच्या घरच्या प्रकरणात दोन्ही भावांना लागू पडतो. मनातले सगळेच्या सगळे उघड करणे माणसाकडून अपेक्षित धरता येत नाही, कारण प्रत्येकाला तुच्छतेची भीती असते. मात्र जे काही बोलायचे ते प्रामाणिकपणे बोलावे, ही अपेक्षा ठेवता येते. म्हणजे तुमचे भाऊ गप्प राहिले असते तर ते माणसाच्या मर्यादेत बसले असते, ते खोटे बोलले तिथे घसरले. तुम्हीही गप्प राहिला असतात तर कांटने तुम्हाला खोटारडे म्हटले नसते. त्याने मारियाला आणखी एक गोष्ट तपासून पाहायला सांगितली: तुला खंत कशाची वाटते आहे, खोटेपणाची, की खरे सांगून बसल्यामुळे झालेल्या नुकसानीची? उत्तराच्या शेवटी त्याने स्वतःच म्हटले आहे, की प्रवचनात असते तसे यात उपदेश, कानउघाडणी आणि सांत्वन असे तीन भाग आहेत, आणि तू शेवटच्यापेक्षा पहिल्यावर अधिक वेळ थांब.

उत्तर तर्काने बिनतोड होते. मारियाने १७९३ च्या आरंभी पुन्हा लिहिले, की नीतीने वागणे मला जमते, पण आयुष्य रिकामे वाटते, काही हवेसेच वाटत नाही. कांटने तिची पत्रे एका स्नेह्याच्या मुलीकडे, मन भरकटले की काय होते याचा इशारा म्हणून पाठवून दिली. १८०३ मध्ये मारियाने स्वतःचे आयुष्य संपवले. त्याचा दोष कांटच्या माथी मारण्यात अर्थ नाही, मध्ये बरीच वर्षे गेली होती. परंतु तिने विचारलेल्या प्रश्नामागे जी माणूस होती तिच्याकडे त्या थोर माणसाने पुरेसे पाहिले नाही, असे मला वाटते, आणि म्हणूनच तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे देऊन मी मोकळी होऊ इच्छित नाही.

कारण तुमच्या पत्रात एक चौथी गोष्ट आहे, जी तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेली नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी, पत्र संपता संपता, एक वाक्य आहे: ‘आईची औषधे, दवाखाना, रात्री-अपरात्री उठणे सगळे मी करतो, आणि कुंदा वाटला जातो तो पुण्याच्या नातवासाठी.’ मला वाटते, सगळे पत्र या एका वाक्यासाठी लिहिले गेले आहे. हेच ते खरे, जे तुम्हाला वर्षानुवर्षे बोलायचे होते. ते बोलायला तुमची जीभ उचलली नाही, कारण त्यात तुम्ही लहान, मागणारे, आईच्या कौतुकाला आसुसलेले दिसता, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला तसे दिसणे परवडत नाही. म्हणून तुम्ही पुतण्याचे खरे सांगितलेत. स्वतःचे दुःख बोलायची हिंमत होत नाही तेव्हा माणूस दुसऱ्याचे गुपित बोलतो आणि त्याला सडेतोडपणा म्हणतो. ज्याचे ते गुपित होते, त्या मुलाला ते आजीला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे ठरवण्याचा हक्क होता. वडिलांनी तो एका बाजूने घेतला आणि काकाने दुसऱ्या. फौंड्रीत तुम्ही रोज पाहता, की रस कितीही चोख असला तरी साचा ओला असेल तर वाफ होऊन तो उसळतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला भाजतो. इथे तो शेजारी उभा असलेला तुमचा पुतण्या होता, आणि तो पंगतीत हजरही नव्हता.

खोटे बोलणारे सुखी आणि मी दुःखी असे का, हा तुमचा दुसरा प्रश्न मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात दोन गृहीते आहेत आणि दोन्ही कच्ची आहेत. भाऊ सुखी आहेत हे तुम्ही वर्षातून चार दिवस गावी दिसणाऱ्या त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवरून ठरवले आहे. नोकरी गेलेल्या मुलाच्या बापाला भरल्या पंगतीत, कोणी न विचारता, त्याच्या कंपनीचे कौतुक सांगावे लागते, तो मला सुखी वाटत नाही. दुसरे म्हणजे, खरे बोलल्याच्या बदल्यात सुख मिळावे ही तुमची अपेक्षा. कांटने १७८८ मध्ये स्पष्ट लिहिले, की नीतिशास्त्र सुखी कसे व्हावे हे शिकवत नाही, सुखाला पात्र कसे व्हावे हे शिकवते. पात्र झालेल्याला सुख मिळतेच याची हमी या जगात त्याने कोठेही दिलेली नाही. आपल्या बाजूच्या जत्रांत नवस फेडायला निघालेली माणसे देवाशी रोखठोक व्यवहार करतात. तुम्ही देवाऐवजी सत्याशी तसा केलात आणि आता पावती मागत आहात.

आता करायचे काय, ते लिहिते.

आधी पुतण्याकडे जा. फोन करत राहू नका, तो उचलणार नाही, आणि उचलला तरी अशी गोष्ट फोनवर नीट होत नाही. सुट्टी काढून पुण्याला जा, भावाच्या घरी न उतरता त्याला बाहेर भेटा, आणि ‘तुझी गोष्ट सांगण्याचा मला अधिकार नव्हता, आणि तुझ्या कामाबद्दल मी जे बोललो ते हलके बोललो’ एवढेच सांगा. समजूत घालू नका, तुझा बाप खोटे बोलत होता हे तर मुळीच सांगू नका. तो चिडला तर चिडू द्या. उद्यमबागेत किंवा इतरत्र त्याच्या शिक्षणाचे काही काम निघण्यासारखे असेल, तर ते त्या भेटीत काढू नका, नाहीतर माफीची मेहेरबानी होईल.

भावाची माफी मागावी काय? मागावी, पण सांगितले त्याची नव्हे, जागेची आणि सुराची. ‘दादा, तुम्ही लपवले ते मला पटले नव्हते आणि आजही पटत नाही, पण चारचौघांत तुमचा पाणउतारा केला, त्याबद्दल मला क्षमा करा,’ हे वाक्य संपूर्ण खरे आहे, त्यामुळे तुमच्या व्रताला बाध येत नाही. ते पत्राने लिहा. पत्रात आईच्या औषधांच्या खर्चाचा विषय घालू नका. तो विषय रास्त आहे आणि भावाने वाटा उचललाच पाहिजे, परंतु तो वेगळा मांडा, महिन्याभराने, रकमेसह आणि बिलांसह. माफीच्या पत्रात हिशेब घातला तर भाऊ फक्त हिशेब वाचतील.

आईशी बोलणे सर्वांत अवघड जाईल. तिच्यापुढे पंगतीचा विषय काढून पुन्हा आपली बाजू मांडू नका. एखाद्या दुपारी, घरात दुसरे कोणी नसताना, शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलेले ते वाक्य तिला सांगा, जमेल त्या शब्दांत आणि रडू आले तर रडून. ती काय उत्तर देईल हे मला सांगता येत नाही. कदाचित ‘जवळच्याचे कोणी कौतुक करते होय?’ असे म्हणून उठून जाईल, आपल्याकडच्या बायकांची ती रीत आहे. कदाचित ऐकून घेईल. ती उठून गेली तर मागे जाऊ नका, पण तो विषय पुन्हा पोटात घालूनही ठेवू नका. काही दिवसांनी पुन्हा सांगा. तिने नातवाला फोन लावून दे म्हटले तर मात्र लगेच लावून द्या, आणि त्या दोघांचे बोलणे चालू असताना मध्ये बोलू नका.

पत्नीला हे पत्र दाखवायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. तिचे म्हणणे मी निराळ्या शब्दांत आणि फार लांबण लावून लिहिले आहे, हे तिच्या लगेच लक्षात येईल.